माती कुणाची? चाकाआधीच्या भांड्यांची गोष्ट

मातीचं भांडं म्हटलं की डोळ्यांपुढे चाक येतं. फिरणारं चाक, मधोमध मातीचा गोळा आणि त्यावर कुंभाराची ओली बोटं. शाळेच्या पुस्तकांतलं चित्रही तेच असतं. पण माणूस भांडी घडवू लागला तेव्हा चाक नव्हतंच. चीनमधल्या श्यानरेनदोंग गुहेत सापडलेली खापरं सुमारे २० हजार वर्षांपूर्वीची आहेत. चाक त्यानंतर फार उशिरा आलं. म्हणजे माणसाने भांडी केली त्या काळातला बहुतेक भाग त्याने ती नुसत्या हाताने केली.

हा विषय डोक्यात घोळायला एक निमित्त झालं. उन्हाळी सुट्टीत पुण्यात बहिणीकडे होते तेव्हा जवळच्या एका स्टुडिओत चार दिवसांचा मातीकामाचा वर्ग केला. चाक नसलेला, निव्वळ हातघडणीचा. तिथे तीन रीती शिकवल्या. गोळ्यात अंगठा रोवून, चिमटीने कड पातळ करत वाटी करायची, ही पहिली. मातीच्या लांब वळ्या करून एकीवर एक चढवायच्या आणि सांधे बोटाने पुसून भिंत उभी करायची, ही दुसरी. माती पोळीसारखी लाटायची, तुकडे कापायचे आणि कडा खरवडून ओल्या मातीच्या राळ्याने जोडायच्या, ही तिसरी. वर्गात बहुतेक जण संगणकाच्या नोकऱ्या करणारे. फी भरून, हात मळवून सगळे खूश होते.

मला त्यातलं बरंचसं ओळखीचं वाटलं. जानेफळला आमच्या घरी गॅस आला तरी मागच्या अंगणात चुल्हा होता आणि तो अम्मी स्वतः घालायची. मातीत गव्हाचा भुसा आणि शेण मिसळून दोन दिवस ती मुरू द्यायची. वळ्या थापून तीन बाजू उचलायच्या, एक दिवस थांबून, माती जरा कडक झाली की वरचा थर. घाई केली तर भिंत बसते. भुसा कशासाठी, तर वाळताना माती आकसते आणि निव्वळ मातीला तडे जातात. भुशाचे धागे तिला धरून ठेवतात. पुण्याच्या शिक्षिकेने हेच शास्त्र फळ्यावर लिहून सांगितलं. अम्मीला ते लिहिता आलं नसतं, पण हाताला पाठ होतं.

तरीही गावात आमच्या मुलांना विचारा. ‘मिट्टी का काम अपना नहीं’ हे उत्तर ठरलेलं. मातीकाम कुंभारांचं, म्हणजे दुसऱ्यांचं. मग प्रश्न पडतो, माती नक्की कुणाची? इतिहास काय सांगतो ते पाहू.

इनामगावची पेटी

महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांपैकी काहींना पुरातत्त्वात जोर्वे संस्कृतीचे लोक म्हणतात. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं. काळ साधारण इसवी सनापूर्वी १४०० ते ७००. या संस्कृतीची सर्वांत तपशीलवार ओळख झाली ती पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावात. १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. त्याच्या अहवालावर तीन नावं आहेत : म. के. ढवळीकर, ह. धी. सांकलिया आणि झेड. डी. अन्सारी. त्याआधीच्या नेवाशाच्या उत्खननाच्या अहवालावरही अन्सारींचं नाव आहे. महाराष्ट्राचा मातीखालचा इतिहास वर काढणाऱ्यांत एक अन्सारी होते, हे आपल्या किती शिक्षकांना ठाऊक आहे?

इनामगावची रंगवलेली लाल भांडी चाकावरची आहेत. त्यांच्याच शेजारी हाताने घडवलेली मातीही भरपूर आहे. लहान मूल दगावलं की ते लोक दोन जाडसर करड्या मडक्यांत त्याला ठेवत, मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. ही मडकी हातघडणीची. एका घरात जमिनीखाली झाकणाची एक अंडाकार मातीची पेटी सापडली. तिच्यात डोकं नसलेली स्त्रीची मूर्ती होती आणि सोबत मातीचा बैल. सगळं कच्च्या, न भाजलेल्या मातीचं. बाजारात विकायला नव्हे, घरात ठेवायला केलेलं. जगण्यामरण्याच्या सर्वांत जवळच्या गोष्टी या लोकांनी हाताने घडवल्या.

आता टोटीची गोष्ट. वजूचा बधना म्हणजे टोटीचं भांडं. ‘टोटी असेल तर मुसलमानाचं, नसेल तर हिंदूचं’ असा हिशेब अनेक गावांत आजही ऐकू येतो. पण जोर्वे संस्कृतीची ओळखच मुळी टोटीच्या भांड्याने होते. पसरट तोंडाचा चंबू आणि त्याच्या खांद्यावर नळीसारखी टोटी. चंबू चाकावर होतो, टोटी मात्र वेगळी करून हातानेच जोडावी लागते. आजचा बधना त्या चंबूचा वंशज आहे असा माझा दावा नाही. पाणी बारीक धारेने ओतायचं असेल तर माणसाला टोटी सुचते, मग तो कुठल्याही काळातला, कुठल्याही धर्माचा असो, एवढंच म्हणणं आहे. इस्लामच्या दीड-दोन हजार वर्षं आधी या मातीत टोटी होती. भांड्यावरून माणसाची जात-धर्म ओळखणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आणि कुंभाराचं कामही केवळ चाकाचं नाही. चाकावर मडक्याचा काठ आणि खांदा होतो. पोट वाढतं ते आतून दगडी गोटा धरून, बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांची डोकी याच थापटण्याने तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही?

सिंधचे कारागीर, अजिंठ्याची चित्रं

मातीकामाचा ‘वर्ग’ ही कल्पना आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून रुजली. शाळा १८५७ची. १८७०च्या दशकात तिथे जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाचा विभाग उभा केला. झिलईच्या भांड्यांसाठी त्यांनी सिंधमधून कारागीर आणवले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता आणि हाला, ठठ्ठा इथल्या काशीगरांचा हात निळ्या-हिरव्या झिलईवर बसलेला होता. हे कारागीर प्रामुख्याने मुसलमान. त्याच काळात, १८७२पासून, कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात चित्रांच्या नकला करत होते. ती नक्षी मग मुंबईच्या भांड्यांवर उतरली. बौद्ध भिक्खूंच्या लेण्यांतली चित्रं, सिंधी मुसलमानांची झिलई, इंग्रज शिक्षक आणि मराठी मुलखातले विद्यार्थी. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही भांडी आजही बघायला मिळतात. अजिंठ्याचा डोंगर आमच्या बुलडाण्याला लागूनच आहे. मला तरी ती भांडी परकी वाटत नाहीत.

वर्ध्याची समिती

हस्तकाम शाळेत आणण्याचा मोठा प्रयत्न झाला तो विदर्भात. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताने काही उत्पादक काम करतच मुलाने शिकावं, हा तिचा गाभा. अभ्यासक्रम ठरवायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन, पुढे भारताचे राष्ट्रपती झाले ते. ख्वाजा गुलाम सैयदैन हेही समितीवर होते. बी.एड.ला आम्ही ‘नई तालीम’ पाठ केली, दहा गुणांचं उत्तर लिहिलं, पण ती योजना कागदावर उतरवणाऱ्या समितीचा प्रमुख मुसलमान शिक्षक होता, यावर वर्गात कधी चर्चा झाल्याचं आठवत नाही.

सेवाग्रामला १९४४ साली शांतिनिकेतनचे देवीप्रसाद कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२पर्यंत राहिले. ते स्वतः मोठे कुंभार-कलावंत. मुलाने काय बनवलं याहून बनवताना मुलाचं काय झालं, हे ते महत्त्वाचं मानत. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभारून गावोगावच्या कुंभारांना नवं तंत्र शिकवलं, तेही याच गांधीविचाराच्या वाटेवर.

पुढे ‘कार्यानुभव’ हा विषय उरला आणि अनेक शाळांत त्याचा तास गणिताने किंवा इंग्रजीने खाल्ला. गेल्या वर्षी मी मुलांना माती आणायला सांगितली तेव्हा एक पालक म्हणाले, ‘मॅडम, पोराला शिकवायचं की राबवायचं?’ त्यांचा राग मला कळतो. पिढ्यान्‌पिढ्या हाताने राबलेल्यांना आपल्या मुलाचे हात स्वच्छ हवे असतात. पण त्याच मातीसाठी शहरातले लोक फी भरतात. फरक मातीत नाही. एकाला ती निवडता येते, दुसऱ्यावर ती लादलेली असते. शाळेने ती लादू नये, आणि हिरावूनही घेऊ नये.

मुलांना मी एवढंच सांगते, माती ना कुंभारांची एकट्याची, ना हिंदूंची, ना मुसलमानांची. आपल्या धर्मात तर माणूसच मातीचा घडलेला आहे. वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात चुल्हा घालता येणारी नानी-दादी, आजी-मावशी अजून असेल, तर माती कुठली, भुसा किती, वाळवायला किती दिवस, हे विचारून वहीत लिहून ठेवा. इनामगावची माती जमिनीखाली तीन हजार वर्षं टिकली. अम्मीच्या हातातली विद्या एका पिढीत जाईल.