नेमस्पेस : सी भाषेत रूपांतर होणाऱ्या भाषांमधील

एकच नाव वेगवेगळ्या विभागांत न गोंधळता वापरता यावे म्हणून प्रोग्रॅमिंग भाषेत केलेली सोय म्हणजे नेमस्पेस. सी भाषेत ती नाही. सीच्या प्रमाणग्रंथात हा शब्द येतो, पण तिथे त्याचा अर्थ लेबले, स्ट्रक्टचे टॅग, त्यांचे घटक आणि इतर नावे यांचे वेगवेगळे कप्पे एवढाच आहे. म्हणून ज्या भाषेचा कंपायलर सी कोड तयार करतो, त्याला पूर्ण पत्ता एकाच सपाट नावात कोंबावा लागतो. याला नेम मँगलिंग म्हणतात.

अंडरस्कोरने नावे जोडणे हा सर्वांत सोपा मार्ग, आणि फसवाही. ‘कर’ या नेमस्पेसमध्ये ‘दर’ ही पोट-नेमस्पेस व तिच्यात ‘बदल’ हे फंक्शन असेल, तर ‘कर_दर_बदल’ असे नाव बनते. ‘कर’मध्ये थेट ‘दर_बदल’ नावाचे फंक्शन असले, तरी तेच नाव बनते! दोन्ही वेगवेगळ्या फाइलींत असतील तर सी कंपायलर तक्रार करत नाही. चूक लिंकरपाशी उघड होते, तीही मूळ प्रोग्रॅममध्ये कुठेच न लिहिलेल्या नावाने. यावर खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक नावाआधी त्याची लांबी लिहिणे : ‘२कर२दर३बदल’ आणि ‘२कर६दर_बदल’ यांची गल्लत होऊच शकत नाही. सीमधले नाव अंकाने सुरू होत नसल्याने पुढे एखादे ठरावीक अक्षर जोडतात.

बेल लॅब्समध्ये ब्यार्न स्ट्रॉस्ट्रूप यांनी लिहिलेला सीफ्रंट हा कंपायलर सी++ चे सीमध्ये रूपांतर करी. १९८९ च्या २.० आवृत्तीपासून फंक्शनच्या नावात क्लासचे नाव (लांबीसह) आणि पॅरामीटरचे टाइपही येऊ लागले. नावे लांबली. १९८९ च्या सी प्रमाणात बाह्य नावांची पहिली ६ अक्षरेच वेगळी ओळखण्याची हमी होती. १९९९ मध्ये ती ३१ झाली.

ग्नोम प्रकल्पातली वाला ही भाषा मात्र जाणूनबुजून अंडरस्कोरच वापरते, कारण तिच्यात लिहिलेली लायब्ररी सी प्रोग्रॅमरने थेट वापरावी असा तिचा हेतू आहे. नाव बदलायचे असल्यास ‘सीकोड’ ॲट्रिब्यूटने हवे ते देता येते. असा हेतू नसेल, तर नवी भाषा घडवणाऱ्याने लांबी मोजण्याचीच पद्धत घ्यावी.