भजी आणि भजे

समुद्र पाहायचा असेल तर पावसाळ्यात जाऊ नये, असं सगळेच सांगतात. आम्ही नेमके आषाढात गेलो. आमचं अनसिंग वाशीम-पुसद रस्त्यावर. समुद्र आम्हाला भूगोलाच्या पुस्तकातच भेटायचा. गावाचं नाव शृंगऋषींशी जोडतात, म्हणजे ज्यांचं पाऊल पडल्याबरोबर अंग देशाचा दुष्काळ फिटला आणि पाऊस आला, ते. अशा ऋषींच्या गावची माणसं पावसाला वैतागून रेवदंड्याच्या एका खोलीत बसली होती, यात काहीतरी विनोद आहेच.

जंजिऱ्याच्या होड्या बंद. पाण्यात उतरायला मनाई. मग दिवसभर करायचं काय? खायचं! सकाळी पोहे, चहा. मग कांदाभजी, पुन्हा चहा. दुपारी भात, टाकळ्याची भाजी, सुकट, सोलकढी. पाऊस जरा उघडला तेव्हा भाजलेलं कणीस, परत कोसळला तेव्हा वडापाव. रात्री गरम भात आणि कुळथाचं पिठलं. झोपताना आठवून पाहिलं तर एक गंमत लक्षात आली. शंभर पावलांवर समुद्र गर्जत होता आणि दिवसभरात त्यातला ताजा म्हणावा असा एक घासही पोटात गेला नव्हता.

घरच्या बाईंना दुपारी विचारलं होतं तर त्या म्हणाल्या, "आता ताजी मच्छी कुठली हो? सुकट चालेल ना?" खरं आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा काळ हे एक कारण, खवळलेला दर्या हे दुसरं. कायदा अलीकडचा असला तरी रिवाज जुना आहे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही, हे कोळी लोक कायद्याच्या कितीतरी आधीपासून पाळत आले आहेत.

आणि तो का पाळायचा, हे याच किनाऱ्यानं फार वाईट रीतीनं पाहिलं आहे. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. रेवस म्हणजे इथून जवळच. गटारी अमावास्या आली होती, श्रावण लागायच्या आत घरी जाऊन एक सामिष जेवण जेवायचं म्हणून कितीतरी चाकरमाने तिच्यात चढले होते. मुंबईपासून थोड्याच अंतरावर वादळात बोट कलंडली. ६०० हून अधिक माणसं गेली. पावसाळ्यातलं कोकणातलं जेवण म्हटलं की आपल्याला सोलकढी आठवते. पण ज्या जेवणापर्यंत ही माणसं पोचलीच नाहीत, तेही याच इतिहासात धरायला हवं, असं मला वाटतं.

तर समुद्र हे चार महिने दार लावून घेतो. मग किनारा जगतो कशावर? बेगमीवर. सुके बोंबील, सोडे, सुकट, आमसुलं, आगळ, फणसाच्या आठळ्या, खारातल्या कैऱ्या. अलिबागचा पांढरा कांदा उन्हाळ्यात निघतो, त्याच्या वेण्या करून घरात टांगतात, आणि आमची कांदाभजी त्यातूनच आली असावी. हे सगळं मृगाच्या आत घरात यायला हवं. आमच्याकडे तरी वेगळं काय? कुरडया, सांडगे, खारोड्या वैशाखातच वाळवून डब्यात जातात. दुपारची ती टाकळ्याची भाजी पाहून आई एकदम म्हणाली, "अरे, हा तं आपला तरोटा!" तेच झुडूप, तेच पहिल्या पावसातलं उगवणं, नाव तेवढं वेगळं.

पण भजीला लागणारं बेसन? कोकणात भात, नाचणी, कुळीथ होतो. हरभऱ्याला हवी काळी जमीन आणि कोरडा हिवाळा. ती घाटावर, मराठवाड्यात, वऱ्हाडात. बेसनात हिंग-मीठ घालून तळायची कलाही घाटावरची, आणि पुष्कळ जुनी. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात, म्हणजे इ.स. ११३० च्या सुमारास, असे तळलेले पदार्थ वर्णिले आहेत. तिखटपणा तेव्हा मिऱ्याचा. मिरची यायला अजून पावणेचारशे वर्षं होती.

देशावरचं धान्य घाट उतरून किनाऱ्यावर आणि किनाऱ्याचं मीठ घाट चढून आत, ही ने-आण कित्येक शतकं बंजाऱ्यांच्या तांड्यांनी केली. एकेका तांड्यात हजारो बैल असत. 'लमाण' हे नाव 'लवण' म्हणजे मीठ यावरून आलं असं मानतात. त्यांची काशी पोहरादेवी आमच्याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर चढली, १८६७ पर्यंत ती वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि बैलांचं काम संपलं. त्यावर कडी म्हणजे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का अनेक भागांत याच लोकांवर बसला. देशभर मीठ पोचवणारे एका पिढीत संशयित झाले! १९५२ मध्ये तो कायदा गेला. आमच्या भागात तांडे आजही आहेत, पण भजी खाताना आपल्याला त्यांची आठवण होत नाही.

ताटातला दुसरा माल समुद्रावरून आलेला. मिरची, मका, बटाटा ही सगळी अमेरिकेतली पिकं, पोर्तुगीजांच्या जहाजांमागून आपल्याकडे आलेली. 'पाव' आणि 'बटाटा' हे शब्दच पोर्तुगीज. आम्ही जिथे बसलो होतो ते रेवदंडा १७४० पर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं आणि खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही काही कुटुंबं पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. वडापाव मात्र अगदी कालचा. त्याचं श्रेय अशोक वैद्य यांना देतात, दादर स्टेशनबाहेर, १९६६ च्या सुमारास.

आता मला आवडलेली गोष्ट. अनसिंगला आम्ही बटाटा म्हणत नाही, आलू म्हणतो. बटाटावडा म्हणजे आमचा आलूबोंडा, आणि भजी नव्हे तर भजे, तेही कढीत बुडवून. 'आलू' हा कंदासाठीचा जुना संस्कृत शब्द. नवा कंद आला तेव्हा उत्तरेनं तोच शब्द त्याला दिला आणि तो जमिनीच्या वाटेनं आमच्यापर्यंत उतरला. म्हणजे एकाच पिकाचं नाव किनाऱ्याला जहाजातून मिळालं आणि आम्हाला हिंदी मुलखातून! महाराष्ट्राच्या नकाशावर आलू आणि बटाटा यांची सीमारेषा कुणीतरी काढायला हवी. असो.

राहिलं तेल. भजीवाल्याच्या डब्यावर 'पामोलीन' लिहिलेलं होतं. पामतेल येतं इंडोनेशिया, मलेशियातून, जहाजानंच. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त आज बाहेरून येतं. आणि आमच्या वाशीम जिल्ह्याचं आजचं मुख्य पीक सोयाबीन, म्हणजे तेलबियाच. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. तरी त्या हंगामात ४,८९२ रुपयांच्या हमीभावाला बाजार पोचला नाही. मे २०२५ अखेर, ऐन पेरणीच्या तोंडावर, शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आलं. भजीची प्लेट स्वस्त राहावी म्हणून शुल्क उतरवायचं, हे भजी खाणाऱ्याला पटतं. मी तिथे प्लेटभर भजी खाणारा होतो, आणि अनसिंगला आमच्या वावरात सोयाबीन नुकतंच दुपानी झालं होतं. समोर पाऊस धो धो कोसळत होता आणि मी घरी फोन लावून विचारत होतो, तिकडे पडतोय का?