मृणालिनी मुखर्जी : गाठींतून उभे राहिलेले शिल्प

तंजावरच्या राजवाड्यातील कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती जतन केलेल्या आहेत. उत्सवात वस्त्रालंकारांनी सजवून मिरवणुकीने नेण्यासाठी घडवलेल्या या देवता येथे साजाविना उभ्या आहेत. आधुनिक भारतीय शिल्पकलेत याच्या उलट दिशेने गेलेल्या कलावंत म्हणजे मृणालिनी मुखर्जी. त्यांची शिल्पे कलादालनासाठीच घडली. मात्र ती पाहताना गाभाऱ्याच्या दारात उभे राहिल्याचा विस्मय वाटावा, असा त्यांचा प्रयत्न होता. उपासनेशी त्यांचा संबंध नव्हता.

मुखर्जी यांचा जन्म १९४९ मध्ये मुंबईत झाला. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी आणि शिल्पकार लीला मुखर्जी यांच्या त्या कन्या. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी के. जी. सुब्रमण्यन यांच्या मार्गदर्शनाखाली शिक्षण घेतले. पहिले एकल प्रदर्शन १९७२ मध्ये नवी दिल्लीत झाले.

त्यांचे माध्यम होते दोरी. रंगवलेल्या तागाच्या दोरीला हाताने गाठीवर गाठ मारत त्या माणसाहून उंच आकृती उभारत. पूर्वरेखाटन नसे, मागही नसे. ‘यक्षी’ आणि ‘बसंती’ (दोन्ही १९८४) या कामांची नावे परिचित वाटली, तरी त्यांतील रूपे कोणत्याही मूर्तिशास्त्रात बसत नाहीत. फूल, देह आणि देवता यांच्या सीमा तेथे पुसट होतात. दोरी व गाठ ही हस्तकलेची सामग्री समजली जात असल्याने या निर्मितीला शिल्प म्हणावे काय, हा प्रश्न तिला दीर्घकाळ चिकटून राहिला. ऑक्सफर्डच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९४ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरवले, ते भारतातील मोठ्या सिंहावलोकी प्रदर्शनाच्या तब्बल दोन दशके आधी.

पुढे त्या मृत्तिकाशिल्पाकडे आणि २००० नंतर कांस्याकडे वळल्या. तंजावर परिसरातील स्वामीमलैचे स्थपती आजही मेणाची प्रतिकृती मातीत लिंपून, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात. साचा फोडावा लागत असल्याने प्रत्येक मूर्ती एकमेव ठरते. मुखर्जी यांनी हीच मेणसाचा पद्धत वापरली. पण प्रमाणबद्ध देहाऐवजी त्यांनी ताडाची पाने, देठ आणि कोंब यांचे आकार धातूत उतरवले.

दिल्लीतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जानेवारी २०१५ मध्ये त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन खुले झाले. त्याच सुमारास त्या गंभीर आजारी पडल्या आणि फेब्रुवारीच्या आरंभी त्यांचे निधन झाले. स्वदेशात उशिरा लाभलेल्या या मानाचा आनंद त्यांना फारसा घेता आला नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१९ मध्ये आपल्या ‘मेट ब्रॉयर’ या वास्तूत त्यांचे सिंहावलोकी प्रदर्शन आयोजित केले. २०२२ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीतील मुख्य प्रदर्शनात, जेथे सहभागी कलावंतांत स्त्रिया बहुसंख्य होत्या, त्यांची ‘रुद्र’, ‘देवी’ आणि ‘वनश्री’ ही दोरीची शिल्पे मांडण्यात आली.