सुरतेची हुंडी आणि समुद्रपार भरणा

सतराव्या शतकात मोखा, बसरा आणि बंदर अब्बास येथे जहाजे धाडणाऱ्या सुरत बंदरात परदेशी भरणा करण्याची व्यवस्था सराफांच्या, म्हणजे नाणी पारखून बदलून देणाऱ्या व हुंड्यांचा व्यवहार करणाऱ्या पेढीवाल्यांच्या, पतीवर उभी होती. हुंडी म्हणजे एका ठिकाणी पैसे भरून दुसऱ्या ठिकाणच्या पेढीवर लिहून घेतलेला रकमेचा आदेश. तो दाखवताच वटणारा असेल तर दर्शनी आणि ठरावीक दिवसांनी वटणारा असेल तर मुदती म्हणत. आग्रा, अहमदाबाद व बुऱ्हाणपूर यांच्याशी सुरतेचा व्यवहार अशाच हुंड्यांवर चाले.

समुद्रात मात्र जहाज बुडण्याचे भय असल्याने जोखमी हुंडी वापरली जाई. माल पाठवणारा ती माल घेणाऱ्यावर लिहून सराफाला विकत असे, आणि माल सुखरूप पोहोचला तरच ती वटत असल्यामुळे कर्ज व विमा ही दोन्ही कामे एकाच कागदाने होत. त्यामुळे स्वतःचे जहाज नसलेल्या लहान व्यापाऱ्यालाही परदेशी व्यापारात उतरता येई.

सुरतेचे धनाढ्य सावकार वीरजी व्होरा इंग्रज कंपनीलाही कर्ज देत. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारीत त्यांची मालमत्ता लुटली गेली. पुढे व्यापार मुंबईकडे सरकला, तरी १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने देशी भाषांतील हुंड्यांविषयीच्या स्थानिक रूढी अबाधित ठेवल्या.