हिब्रू शिकवली मिशनऱ्यांनी

‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या शेख महंमदबाबांच्या श्रीगोंद्यात राहणाऱ्या आम्हांला एका धर्माचा माणूस दुसऱ्याची परिभाषा बोलतो याचे नवल वाटत नाही. बाबांनी ती आपलीशी केली होती. पण दुसऱ्याचा ग्रंथ हाती घेऊन ‘याचा अर्थ तुम्हांलाच कळला नाही’ असे त्यालाच सांगितले तर? कोकणातल्या बेने इस्राएल समाजावर एकोणिसाव्या शतकात हा प्रसंग आला.

शनिवार पाळणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे हे यहुदी मराठी बोलत; हिब्रू जवळजवळ विसरले होते. १८२९ मध्ये मुंबईत आलेल्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. यहुद्यांनी स्वतःच्याच ग्रंथात येशू ओळखावा, हा मिशनऱ्यांचा हेतू उघड होता.

वाद जुनाच होता आणि तो बराचसा यशया संदेष्ट्याच्या वचनांभोवती फिरे. ‘अल्मा’ पुत्र प्रसवेल, असे सातव्या अध्यायात आहे. जुन्या ग्रीक भाषांतरातल्या शब्दावरून ख्रिस्ती तिला कुमारी मानतात. यहुदी पंडित म्हणतात, अल्मा म्हणजे तरुण स्त्री. कुमारीला ‘बेतुला’ हा वेगळा शब्द आहे. शिवाय ती खूण आहाज राजाला, त्याच्यासमोरच्या संकटात दिलेली. सातशे वर्षांनंतरच्या जन्माने त्याला काय दिलासा मिळणार? त्रेपन्नाव्या अध्यायातला दुःख सोसणारा ‘सेवक’ म्हणजे येशू, या मताला राशी (मृत्यू ११०५) यांचे उत्तर असे, की तो सेवक म्हणजे इस्राएलची प्रजाच. यशयाने आधी तिलाच ‘सेवक’ म्हटले आहे. १२६३ मध्ये बार्सिलोनात राजासमोर झालेल्या वादात नाहमानिदेस यांनी तर शब्दांपलीकडचे विचारले: मसीहा येऊन गेला, तर जगातला रक्तपात अजून का थांबला नाही? पुढे त्यांना देश सोडावा लागला.

इथे आपल्याकडेही पाहायला हवे. रहमतुल्लाह कैरानवींनी ‘इझहारुल हक’मध्ये (१८६४) तौरातमधील ‘मूसासारखा संदेष्टा’ म्हणजे हजरत मुहंमद (स.) असे मांडले. यहुदी वाचकाला हा अर्थही तितकाच परका आहे.

मिशनच्या शाळांत बेने इस्राएलांची मुले शिकली, ख्रिस्ती मात्र फारच थोडी झाली. हिब्रू हाती आली तिचा उपयोग त्यांनी आपल्यासाठी केला. जोसेफ इझेकिएल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. त्या प्रार्थनांत मसीहा अजून यायचा आहे.