कफनमुना-संकलन

श्वासनलिकांच्या अस्तरावरील कफ शक्य तितका जसाच्या तसा मिळवून त्याचा घट्टपणा, चिकटपणा आणि ताण मोजण्यासाठी नमुने घेण्याची पद्धत. निरोगी माणसाच्या कफात सुमारे ९७ टक्के पाणी असते. त्याला अंग येते ते म्युसिन या लांब साखळीच्या प्रथिनांमुळे. अस्तरावरचे केसांसारखे सूक्ष्म तंतू हा थर धूळ-जंतूंसकट घशाकडे सारत राहतात. थर फार घट्ट झाला की त्यांचे काही चालत नाही.

बेडका म्हटला की आपल्याकडे क्षयाची तपासणी आठवते. तिथे शोध जंतूचा असतो. इथे कफाचा स्वभावच पाहायचा, म्हणून घेताना तो बदलला तर पुढचे बारीक मोजमाप फुकट जाते.

खोकून काढलेला बेडका सर्वांत सोपा. आधी चूळ भरायला लावली तरी लाळ येतेच. मग नमुना काचेच्या बशीत पसरून चिमट्याने घट्ट गाठी तेवढ्या उचलतात, फेसाळ पाणी मागे सोडतात. कफ सुटत नसेल तर ३ ते ५ टक्के मिठाच्या पाण्याचे तुषार नेब्युलायझरने ओढायला देतात; पण मीठ पाणी खेचते आणि कफ मुळापेक्षा पातळ होतो. पेशी मोजण्यासाठी बेडक्यात घालतात ते डायथायोथ्रेइटॉल तर म्युसिनमधले गंधकाचे बंधच तोडते. असा नमुना इथे बाद.

निरोगी माणसाला बेडका पडत नाही, ही खरी अडचण. १९९० मध्ये ब्रूस रुबिन, माल्कम किंग आणि सहकाऱ्यांनी त्यावर सुंदर वाट काढली. फुप्फुसे धडधाकट असलेल्या माणसाला अन्य शस्त्रक्रियेसाठी भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात. ती काढल्यावर तिच्या बाहेरच्या अंगाला लागलेला कफ त्यांनी गोळा केला. मिळतो थेंबभर, पण वेगळी इजा होत नाही.

नमुना उघडा राहिला तर सुकतो, तसाच ठेवला तर त्यातली विकरे म्युसिन कुरतडतात. म्हणून लगेच मोजणे किंवा गोठवणे भाग असते. थेंब सपाट तबकडी आणि बसक्या शंकूच्या मध्ये ठेवून शंकू हलकेच मागेपुढे फिरवतात आणि कफ त्याला किती अडवतो ते मोजतात. दुसऱ्या एका यंत्रात थेंब ताणून तार किती लांब जाऊन तुटते ते पाहतात, पाक एकतारी झाला का हे बोटांनी पाहावे तसे.

अशा नमुन्यांवर औषधही पारखता येते. १९९० मध्येच अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या घट्ट बेडक्यात डीएनए तोडणारे मानवी विकर घातले गेले, आणि न ओतता येणारा तो गोळा काही मिनिटांत वाहू लागला. त्याच विकराचे औषध, डॉर्नेज आल्फा, तिथे १९९३ मध्ये मंजूर झाले.