डॉ. जॉन विल्सन आणि कुलाबा किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाज

प्रस्तावना
एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याचे मूल्यमापन बहुधा धर्मांतराच्या अंगाने केले जाते. कोकणाच्या संदर्भात ही कसोटी अपुरी ठरते. तळे, रोहे, पेण, अलिबाग या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला बेने इस्रायल समाज त्याचे बोलके उदाहरण होय. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची विश्रांती यांमुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या समाजाची मातृभाषा मराठी होती. तळकर, रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावे गावांची ओळख जपतात.

विल्सन यांचे जीवन व कार्य
जॉन विल्सन यांचा जन्म १८०४ मध्ये स्कॉटलंडमधील लॉडर येथे झाला. १८२९ च्या फेब्रुवारीत ते पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईस आले. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे कार्य १८२३ पासून कोकणात सुरू होते. तिच्या बाणकोट व हर्णे येथील ठाण्यांवर विल्सन यांनी मराठीचा अभ्यास केला. मार्गारेट यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या. १८३५ मध्ये त्यांचे निधन झाले. विल्सन यांनी १८३२ मध्ये काढलेल्या इंग्रजी शाळेतूनच पुढे विल्सन महाविद्यालय उभे राहिले.

याच वर्षी बेने इस्रायलांसाठी त्यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण प्रसिद्ध झाले. या समाजात हिब्रूचे ज्ञान तेव्हा जवळजवळ लोपले होते. जुना करार मुळातून वाचणारा मनुष्य ख्रिस्ताकडे वळेल, अशी मिशनऱ्यांची धारणा होती.

परिणाम
प्रत्यक्षात धर्मांतरे अत्यल्प झाली. समाजाने शिक्षण स्वीकारले. धर्म मात्र आपलाच राखला. १८४६ मध्ये वल्हांडण सणाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. विल्सन यांच्याच संस्थेत शिकलेल्या जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी यहुदी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले व पुढे मुंबई विद्यापीठाचे हिब्रू परीक्षक म्हणून काम पाहिले. या जागृतीचे सारे श्रेय मिशनऱ्यांना देता येणार नाही. समाजाचे मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्येच उभे राहिले होते, तसेच कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांचाही त्यात वाटा होता.

निष्कर्ष
१ डिसेंबर १८७५ रोजी विल्सन मुंबईत निवर्तले. धर्मप्रसारक या नात्याने त्यांना बेने इस्रायलांमध्ये यश लाभले नाही. शिक्षक या नात्याने मात्र ते यशस्वी ठरले. विद्या देणाऱ्याचा हेतू काहीही असो, तिचा विनियोग घेणाराच ठरवितो. म्हणून मिशनकार्याचा इतिहास स्थानिक समाजाच्या विवेकाची नोंद घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही.